नानांचा हात टीव्हीवर दिसत नाही

टीव्हीवर नानांचा हात भुवईच्या मध्यावर थांबला आणि पडद्यावर एक गोल चाक फिरायला लागलं. खाली सुनंदाचाही हात थांबला. तिच्यापुढे हातभर उंचीचा गणपती होता. उजवा डोळा पूर्ण, डाव्या डोळ्याच्या जागी नुसतं पांढरं. ब्रशच्या टोकाला काळा रंग वाळत चालला होता.

"गेला ताई परत," ती म्हणाली.

"थांब, बघते मी," मी म्हणाले. दोन दिवस मी हेच म्हणत होते, आणि दोन दिवस बघतच होते.

मी रोह्याची. एका केमिकल कंपनीत एकवीस वर्षं आयटी डिपार्टमेंट सांभाळलं. आयटी डिपार्टमेंट म्हणजे मीच. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढण्यापासून सर्व्हरपर्यंत सगळं एकटीकडे. नोकरी सोडल्यावर आता घरगुती कामं घेते. वायफाय, कॅमेरे, कॉम्प्युटर. फोन येतो तिकडे जाते. स्वभावाने मी जराशी तंद्रीतली आहे. गाडीत खिडकी मिळाली की स्टेशन निघून गेलेलं कळत नाही. पण मशीनपुढे बसले की माझ्याइतकं शहाणं कोणी नाही, असं मला या कामापर्यंत वाटत होतं.

हे काम महेशने दिलं. महेश आमच्याच कंपनीत प्लँट ऑपरेटर, मूळचा हमरापूरचा. हमरापूर म्हणजे पेणजवळचं गाव. तिथे घराघरात गणपती घडतात आणि रंगतात. त्याचा फोन आला तेव्हा मी जेवत होते.

"मॅडम, आमच्या टीव्हीवर नानांचा हात दिसत नाय."

"म्हणजे काय रे?"

"नानांचा हात डब्यात हाय. टीव्हीला तो डब्बाच सापडत नाय. तुम्ही याच. सुनंदा रडकुंडीला आलीय."

मला वाटलं हा डबल शिफ्ट करून आलाय. मग त्याने नीट सांगितलं.

नाना म्हणजे त्याचे वडील. गणपतीची आखणी करणारे. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. माती, साचा, रंग, दागिने हे सगळं झाल्यावर शेवटचं काम. कारखान्यात दहा माणसं असली तरी डोळ्यांचा हात एकाचाच असतो. नानांनी चाळीस वर्षं दुसऱ्या कोणाला डोळ्यांपर्यंत ब्रश नेऊ दिला नव्हता. गिऱ्हाईकं येऊन सांगायची, मूर्ती कुठलीही द्या, डोळे नानांचे पाहिजेत.

थंडीत नानांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. बोलणंही गेलं. दोनच शब्द उरले, हाय आणि नाय. त्यातही नायच जास्त.

आता आखणी सुनेने, म्हणजे महेशच्या बायकोने, सुनंदाने करायची असं ठरलं, कारण दुसरं कोणी नव्हतं. बाहेरचे चांगले हात सीझनला आधीच बोललेले असतात. सुनंदा अकरा वर्षं त्या घरात सोवळ्याचे काठ आणि शेले रंगवत होती. हात स्थिर, नजर चांगली. पण डोळे कधी काढले नव्हते. परदेशी जाणाऱ्या मूर्ती उन्हाळ्यातच निघतात. चौतीस मूर्ती डोळ्यांवाचून उभ्या होत्या आणि शनिवारी टेम्पो येणार होता.

महेशने एक शहाणपण केलं होतं. मागची तीन वर्षं स्टँडला मोबाईल लावून त्याने नानांची आखणी शूट करून ठेवली होती. तासतासभराचे व्हिडिओ. ते सगळे त्याने नेटवर्क स्टोरेजवर टाकले. नेटवर्क स्टोरेज म्हणजे लाडूंच्या डब्याएवढं एक काळं मशीन. आत दोन हार्ड डिस्क. घरातल्या राउटरला जोडलं की घरातल्या कुठल्याही मोबाईलवर, लॅपटॉपवर त्यातलं बघता येतं. घरातलं सामाईक कपाटच म्हणा. डबा घरात आणि टीव्ही अंगणापलीकडच्या कारखान्यात. टीव्हीला साबणाच्या वडीएवढा अँड्रॉइड बॉक्स लावलेला. जुना टीव्ही त्यामुळे स्मार्ट होतो. त्या बॉक्सने डब्यातला व्हिडिओ उघडून दाखवायचा, एवढंच काम.

"मोबाईलवर का नाही बघत?" मी पहिल्या दिवशी सुनंदाला विचारलं होतं.

"मोबाईलवर नानांचा हात माझ्या नखाएवढा दिसतो ताई. रेघ कुठं जाड होते, कुठं सुटते, काय कळत नाय."

पेनड्राइव्हचा उपाय महेशने करून पाहिला होता. व्हिडिओ फार मोठे. पेनड्राइव्ह ते घेईना. वेगळ्या पद्धतीने फॉरमॅट करून घ्यायला लावला, तर बॉक्स त्या पेनड्राइव्हला ओळखेना. म्हणून डबा आणि बॉक्स यांचं जुळवून देणं माझ्याकडे आलं.

सोमवारी सकाळच्या गाडीने मी पेणला उतरले आणि रिक्षाने हमरापूरला गेले. नागोठण्यापासून माझा डोळा लागला होता. त्या अर्धवट झोपेतच मी कारखान्यात शिरले आणि दारात थबकले. वर निळं ताडपत्रीचं छत. त्यातून ऊन गाळून निळसर खाली येत होतं. त्या उजेडात ओळीने गणपती उभे. अंगावर पीतांबर, सोंडेवर नक्षी, हातात मोदक, आणि डोळ्यांच्या जागी काही नाही. आपण आत आलोय हे त्यांना कळत नाही, असं वाटलं. मी चपला काढल्या आणि उगीचच हळू बोलायला लागले.

कोपऱ्यात चार-पाच मूर्तींची तोंडं लाल कापडाने झाकलेली होती. ती मागच्या वर्षीची, नानांच्या हातची, ठेवणीतली. त्या घराची पद्धत अशी, की डोळे झाले की तोंड झाकायचं. गिऱ्हाईक न्यायला आलं की कापड काढायचं, दाखवायचं, परत घालायचं. पूर्ण झालेली मूर्ती उघडी ठेवून द्यायची नाही. सुनंदाने मला एकेकीचं कापड काढून दाखवलं. काय ते डोळे! आपण बाजूला सरकलो तरी बघतच राहणारे. तिने पुन्हा हलक्या हाताने कापडं घातली.

नाना खाटेवर टेकून बसले होते. त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं.

"नाना, या डब्याच्या डॉक्टरीण," सुनंदा म्हणाली.

"नाय," नाना म्हणाले.

मी हसले. माझ्या नोकरीत असे मॅनेजर मी बरेच पाहिलेत.

घरात डबा देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात होता. मी आत येणार म्हणून सुनंदा पुढे पळाली, कोनाड्यातलं आवरलं आणि मग मला बोलावलं. डब्यावर निळा दिवा लुकलुकत होता. मी पासवर्ड, नेटवर्क तपासलं आणि लॅपटॉप घेऊन कारखान्यात बसले.

पहिली भानगड लगेच सापडली. बॉक्समधलं फाइल बघायचं ॲप जुन्या पद्धतीने बोलत होतं, आणि डब्याने सुरक्षेसाठी ती पद्धत बंद केलेली. दोघं एकाच घरात, पण एकमेकांचं बोलणं कळत नाही. मी नवी पद्धत येणारं दुसरं प्लेअर ॲप टाकलं. डब्याचा नेटवर्कवरचा पत्ता, युजरनेम, पासवर्ड भरला. टीव्हीवर फोल्डरची यादी आली. एक उघडलं, आणि पडद्यावर नानांचा हात आला. ताटाएवढा. नखांत रंग, अंगठ्यावर जुना व्रण.

सुनंदाने तोंडावर पदर धरला. खाटेवर नाना आपल्याच हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी मांडीवरच्या उजव्या हाताकडे पाहिलं. मला तिकडे बघवेना. मी बॉक्सची वायर उगीच पुन्हा घट्ट केली.

सुनंदा ब्रश घेऊन बसली. इथे एक गोष्ट सांगायला हवी. दोन्ही डोळे एका बैठकीत काढतात. उजवा झाला की लगेच डावा. मध्ये उठलं, थांबलं की नजर जुळत नाही, एक डोळा तुमच्याकडे आणि दुसरा दाराकडे बघतो. मग चेहरा पांढरा करून पुन्हा पहिल्यापासून. सुनंदाने आधी अर्धा तास नुसतं बघितलं. कोऱ्या पुठ्ठ्यावर रेघा काढल्या. मग मूर्ती पुढे घेतली, उजवा डोळा काढला, डाव्याला हात घातला, आणि टीव्हीवर गोल चाक फिरायला लागलं.

"तुम्ही बसा ताई, मी बटण दाबून येते," म्हणून ती घरात गेली. डबा बंद पडला होता. बटण दाबल्यावर थोड्या वेळाने चालू झाला. पण त्या मूर्तीची बैठक मोडली होती. तिने तरी डावा डोळा काढला आणि मूर्ती नानांपुढे नेली. नानांनी एकदाच पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

 सुनंदाने पांढऱ्या रंगाचा डबा उघडला आणि ते डोळे पुसून टाकले.

मंगळवारी मी तयारीनिशी गेले. माझं निदान पक्कं होतं. कारखान्याला पत्र्याच्या भिंती, पत्र्यातून वायफाय नीट येत नाही. घरापासून कारखान्यापर्यंत केबल ओढली. शिवाय राउटर बंद-चालू झाला की डब्याचा पत्ता बदलतो, तो कायमचा एकच राहील असं केलं. शिवाय डबा थोडा वेळ काम नसलं की झोपी जातो, ती झोपेची सेटिंग बंद केली. म्हटलं, आता झोप, कसा झोपतोस ते बघते.

आदल्या दिवशी पाऊण तासाने बंद पडणारा डबा आता पंचवीस मिनिटांत बंद पडला.

सुरुवातीला सांगितलं ते तेव्हाचं. उजवा डोळा पूर्ण, डावा पांढरा. त्या दिवशी एकामागून एक तीन मूर्तींचे चेहरे पांढरे करावे लागले. रंग फवारायच्या कॉम्प्रेसरची घरघर, रंगाचा वास, वैशाखाचं ऊन. महेशचा प्लँटमधून फोन.

"मॅडम, झालं काय?"

"होतंय रे."

"तुम्ही कंपनीत पण असंच म्हणायचात."

"मग कंपनीत काही अडलं का तुझं?"

"नाय, पण तिकडं शनिवारी टेम्पो नव्हता."

मी फोन ठेवला. मातीच्या गोण्यांना टेकून लॅपटॉप मांडीवर घेतला आणि सेटिंग्ज एकेक करून बघताना डुलकी लागली. दोन मिनिटांची असेल. त्यात मला दिसलं, की सगळे गणपती चाचपडत चाचपडत माझ्याभोवती जमलेत आणि माझ्या लॅपटॉपवर हात फिरवून बघतायत. रागावलेले नव्हते. नुसते विचारत होते, झालं का. जागी झाले तर नाना टक लावून माझ्याकडे बघत होते.

"होईल नाना," मी म्हणाले.

"नाय," नाना म्हणाले.

परत जाताना गाडीत मला खरंच वाईट वाटलं. एकवीस वर्षांत माझ्यामुळे कोणाचा रिपोर्ट उशिरा गेला असेल, कोणाची ईमेल अडकली असेल. पण इथे एक बाई डोळे काढत होती आणि मी ते पुसायला लावत होते. कुंडलिकेचा पूल गेला तेव्हा कुठे मला रोहा आल्याचं कळलं.

बुधवारी ठरलेल्या वेळेच्या आधीची गाडी मिळाली. फोन न करताच गेले. कारखान्यात कॉम्प्रेसर चालू होता, कोणाला चाहूल लागली नाही. उन्हाने घसा सुकला होता म्हणून सरळ घरात शिरले, माठातलं पाणी घेतलं आणि पिता पिता कोनाड्याकडे पाहिलं.

डबा दिसत नव्हता. कोनाड्यात लाल कापडाचा एक गठ्ठा होता. नवं कोरं कापड, चार घड्या करून, मागून पुढून नीट खोचलेलं. वर झेंडूचं एक फूल.

मी कापडावर हात ठेवला आणि चटकन काढला. आत डबा तापलेल्या तव्यासारखा झाला होता.

कोणाही शिकाऊ माणसाला सांगता येईल असं ते होतं. अशा डब्याला मागे पंखा असतो. आतल्या डिस्क फिरून तापतात, पंखा गरम हवा बाहेर टाकतो. हवेची वाट बंद केली तर आतली गरमी वाढते, आणि डिस्क जळू नये म्हणून डबा स्वतःच बंद होतो. बंद पडणं हा बिघाड नव्हताच. तो बिचारा नानांचे व्हिडिओ वाचवत होता. आणि मी त्याची झोप काढून घेऊन त्याला आणखी तापवलं होतं.

लॅपटॉप उघडून डब्याचा लॉग बघितला. लॉग म्हणजे मशीनची रोजनिशी, कधी काय झालं ते त्यात आपोआप लिहिलं जातं. सोमवारपासून प्रत्येक वेळी एकच ओळ होती, तापमान जास्त, बंद होत आहे. कोणीही आधी लॉग बघतो. मी सोडून!

सुनंदा दारात आली आणि मला कोनाड्यापाशी बघून गडबडली.

"अगो बाय, तुम्ही कवा आलात? थांबा, कापड काढते."

"हे रोज घालतेस?"

"म्हणजे काय? नानांचा हात हाय त्यात. उघडा कसा ठेवायचा? पांढरी धूळ किती उडते. तुम्ही यायच्या आधी काढते ना मी, कारखान्यात गेलात की परत घालते. बटण दाबायचं तेव्हा काढते, दाबते, परत घालते."

"मी यायच्या आधी काढतेस?"

"मग? गिऱ्हाईक बघायला आलं की आपण कापड काढतोच."

मला हसू फुटलं आणि पाठोपाठ लाज वाटली. तिला समजावून सांगितलं, की डबा गुदमरतोय. तिचा चेहरा उतरला.

"म्हणजे मीच केलं हे?"

"तू नाही गो. मी. तू तर परवाच म्हणाली होतीस, डबा गरम लागतो म्हणून."

ती तसं म्हणाली होती. सोमवारी, बटण दाबून आल्यावर. मी लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाले होते, हार्ड डिस्क आहे, थोडी तापणारच.

सुनंदाचं माहेर खाडीकडचं, मिठागरातलं. ती कापडाची घडी करता करता म्हणाली, "आमच्याकडं मिठाला हात लावूनच कळतं, तयार झालं की नाय ते. तुम्ही डब्याला हात लावून बघितलाच नाय काय ताई?"

 मी माठातलं आणखी एक भांडं पाणी प्यायले.

डबा उघडा ठेवायला तिचं मन होईना. शेवटी तिने स्वयंपाकघरातलं दुधाचं जाळीचं छोटं कपाट रिकामं केलं. डबा त्यात बसला. हवा येते, उंदीर येत नाही, आणि झाकल्यासारखंही वाटतं. झेंडूचं फूल तिने कपाटावर ठेवलं. मी झोपेची सेटिंग पूर्ववत केली आणि कोणाला सांगितलं नाही.

दुपारी जेवणाची सुट्टी झाली. रंगवणाऱ्या बाया घरी गेल्या, कॉम्प्रेसर बंद झाला. सुनंदा जेवली नाही. तिने नानांची खाट टीव्हीसमोर ओढायला मला हात लावायला सांगितला आणि व्हिडिओ लावला. अर्धा तास झाला. पाऊण झाला. मी दर पाच मिनिटांनी जाऊन जाळीला तळवा लावून येत होते. डबा कोमट होता.

कारखाना इतका शांत मी तोपर्यंत पाहिला नव्हता. त्या शांततेत टीव्हीतून पहिल्यांदाच एक आवाज ऐकू आला. नानांच्या श्वासाचा. ब्रश टेकायच्या आधी ते श्वास आत घेत आणि धरून ठेवत. भुवईची रेघ कानाकडे जाऊन सुटली की सोडत. प्रत्येक रेघेला असंच. मोबाईलवर ते कधी कळलं नव्हतं, आणि कॉम्प्रेसरच्या आवाजात टीव्हीवरही नाही.

सुनंदाने मान वर केली. तिलाही ते ऐकू आलं होतं. मी नानांकडे पाहिलं. पडद्यावरचा हात उचलला गेला की खाटेवर त्यांची छाती फुगायची आणि थांबायची. रेघ सुटली की खाली यायची. उजवा हात मांडीवर निपचित होता, पण श्वास अजून आखणी करत होता.

तिने मूर्ती पुढे ओढली. टीव्हीकडे पाठ केली. दोन दिवस मी चित्रासाठी जिवाचा आटापिटा केला आणि आता ती पडद्याकडे बघतही नव्हती. नानांबरोबर श्वास घेतला, धरला, उजवी भुवई काढली. सोडला. पापणी. बुबुळ. त्यातला पांढरा ठिपका. थांबली नाही. डाव्या डोळ्याला गेली. मीही श्वास धरला होता, ते मला छातीत दुखलं तेव्हा कळलं.

व्हिडिओ संपून पडदा काळा झाला तेव्हा मूर्ती आमच्याकडे बघत होती. मी दारापर्यंत चालत गेले आणि वळून पाहिलं. तिथेही माझ्याकडेच.

सुनंदाने मूर्ती उचलून नानांपुढे धरली.  नाना बघत राहिले.  मी त्यांच्या 'नाय'ची वाट बघत होते. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं नाही. डावा हात पुढे केला आणि बोटं हलवली, काहीतरी मागितल्यासारखी. सुनंदाला कळेना. पाण्याचा तांब्या पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला.

मग तिला कळलं. डब्यावरून काढलेलं ते लाल कापड तिच्या खांद्यावरच होतं. तिने ते त्यांच्या हातात दिलं. नानांनी डाव्या हाताने, दोनदा चुकून, तिसऱ्यांदा नीट, ते मूर्तीच्या तोंडावर घातलं. पूर्ण झालेली मूर्ती उघडी ठेवायची नसते. सुनंदा खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडली.

शनिवारी टेम्पो भरला. चौतीसच्या चौतीस गेल्या, असं महेश सांगतो. काम फत्ते म्हणून त्याने कंपनीत माझं फार कौतुक केलं. मी नेमकं काय केलं ते त्याला अजून माहीत नाही. सुनंदा बोलली नाही आणि मीही बोलले नाही.

आता कुठल्याही घरी गेले की लॅपटॉप पिशवीतच ठेवते. आधी विचारते, मशीन कुठे आहे. मग त्याच्यावर तळवा ठेवून थोडा वेळ उभी राहते. लोकांना वाटतं बाई नमस्कार करते. वाटू दे.